जुळं केळं

"डॉक्टरबाई, जुळं केळं खाल्लं की जुळी पोरं होतात का?"

जुन्नरला आमच्या शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंना हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. सगळ्याजणी फिदीफिदी हसल्या, पण मला खरंच उत्तर हवं होतं. सुमनकाकूला चाळिशीत जुळं राहिलं आणि त्यातलं एक बाळ पोटातच गेलं. जुळं केळं खाऊन तिनंच हे ओढवून घेतलं, असं घरात सगळे म्हणायचे. मी बाईंना तेही सगळं सांगितलं.

"केळ्याचा काय संबंध?" बाई हसल्या नाहीत. "चाळिशीतलं बाळंतपण आणि त्यात जुळं, दोन्हींत धोका जास्त. सारखं तपासत राहावं लागतं. तरी कधी कधी बाळ हाती लागत नाही. त्यात आईचा काय दोष?"

मी एसटीतून उतरून पळतच घरी आले. आई अप्पांना सांगत होती, "सूनबाईच्या ओटीभरणाला सुमनला नको बोलवायला. लई अपशकुन व्हतो."

मी दप्तरसुद्धा खाली ठेवलं नाही.

"आई, अप्पा, ऐका! केळ्यानं काही होत नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. वहिनीची पहिली ओटी काकूच भरणार. मी तिला बोलवायला निघाले."