मी दोनशेच्या वरचा ठिपका

मी एक ठिपका बोलतोय. हसू नका. ठिपक्याने काय बोलायचं, असं आलेख काढणाऱ्या भल्याभल्यांना वाटतं आणि तिथेच त्यांची फसगत होते. मला एकदा पुसलं, एकदा कापलं आणि एकदा कागदाबाहेर हाकलायचा बेत झाला. तरी मी आहे.

माझा जन्म एका लाँड्रीच्या इस्त्रीखोलीत झाला. हॉटेलांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे तिथे गाडीने यायचे. भिंतीच्या पलीकडे बॉयलर, अलीकडे चौदा टेबलं. बॉयलर नीट जळत नसला की त्यातून एक विषारी वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. तो मोजायला मीटरकाका रोज अकराच्या सुमारास जिना उतरून यायचे. हातात काट्याचं जुनं मीटर, खिशात वही. काट्याला दोनशेपर्यंतच खुणा होत्या. रोजचा आकडा आठ, दहा, फार तर बारा.

त्या मंगळवारी थंडी होती म्हणून सगळ्या खिडक्या लावलेल्या. काका पोहोचले तेव्हा इस्त्रीवाल्या मावशी नुकत्याच टेबलापाशी कोसळल्या होत्या आणि बायका त्यांना बाहेर नेत होत्या. काकांनी मीटर धरलं, तर काटा सरळ शेवटच्या खुणेवर जाऊन आदळला. खरं किती होतं, ते त्या मीटरला कळणंच शक्य नव्हतं. काकांनी आधी खिडक्या उघडल्या आणि मग वही. जे दिसलं तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्यांचा खाक्या. त्यांनी २०० लिहिलं आणि पुढे अधिकची बारीकशी खूण केली. म्हणजे दोनशे तर आहेच, वर किती ते देव जाणे.

असा मी जन्मलो, शेपटासकट.

काका धावत लाँड्रीचा कारभार बघणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "तुमचं मीटर तुमच्याएवढंच जुनं झालंय काका." पुन्हा मोजेपर्यंत खोलीत हवा खेळली होती आणि काटा खाली आला होता. मग काय, साहेबांना आयतंच फावलं. "सकाळी खाऊन यायचं नाही आणि इथे येऊन नाटकं करायची," असं म्हणून त्यांनी मावशींना घरी बसवलं. त्यांना ठेवायचं की काढायचं, ते महिनाअखेरच्या बैठकीत मालकीणबाई ठरवणार होत्या. बावीस वर्षं इस्त्री केलेली बाई, आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला मी एकटा. वहीच्या पानावर बसून मी मनाशी ठरवलं, आता मागे हटायचं नाही.

पण बैठकीत कोणी वही वाचत नाही, आलेख बघतात. तो काढायचं काम आकडेताईंचं. आकडेताई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात सुरक्षेचे अहवाल करणारी हुशार पोरगी. तिने तीन महिन्यांची वही जशीच्या तशी टाईप केली आणि संगणकातल्या लायब्ररीला आलेख काढायला सांगितलं. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. आकडे द्यावेत आणि चित्र घ्यावं, अशी ती तयार हत्यारांची पेटी.

चित्र आलं ते बघून ताईंनी कपाळाला हात लावला. उभ्या अक्षावर आठाच्या वर बारा, बाराच्या डोक्यावर नऊ, नवाच्या वर अकरा!

झालं होतं असं की माझ्या शेपटामुळे लायब्ररीने सगळा रकानाच शब्दांचा समजला होता. शब्दांना लहानमोठं कुठलं? आले तसे तिने एकावर एक रचून ठेवले. गोंधळ माझ्यामुळे झाला, हे मी कबूल करतो. पण लाज मला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

ताईंनी इंटरनेटवर शोधाशोध केली. कोणीतरी लिहिलं होतं, "जे आकडे नाहीत ते रिकामे करा, रिकाम्या ओळी गाळा." दोन ओळींचा उपाय. ताईंनी तो चिकटवला आणि आलेख कसा गोड झाला म्हणून सांगू! आठ, दहा, बारा, सगळे शहाण्या मुलांसारखे रांगेत. रेष सोमवारातून निघाली ती थेट बुधवारात उतरली. मध्ये फट नाही, तक्रार नाही, साधी सूचनासुद्धा नाही. आजार बरा करायला गेले आणि रोग्यालाच घराबाहेर काढलं. मी आतल्या आत ओरडत होतो, पण गाळलेल्याचा आवाज कोणाला ऐकू येतो?

काका अहवालावर सही करायला आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"ताई, माझा मंगळवार कुठाय?"

"काका, एवढ्या ठिपक्यांत तुम्हाला एक मंगळवार बरा दिसला!"

"अगं, रोजचा ठिपका मी जिना उतरून आणलाय. त्यात मोठा असा एकच होता. नेमका तोच नाही."

ताईंनी वही उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. "मीच गाळला हो काका. न बघता गाळला." त्यांनी घाईघाईने माझं शेपूट कापलं आणि मला नुसतं दोनशे केलं. मी आलेखावर परतलो, पण मला राग आवरेना. मी दोनशे नव्हतो!

"दोनशे नाही ताई, दोनशेच्या वर," काका म्हणाले.

"वर म्हणजे किती?"

"ते मला ठाऊक असतं तर खूण कशाला केली असती?"

मग ताईंनी दोन रकाने केले. एकात आकडा, दुसऱ्यात खूण. ज्याला खूण असेल तो वर टोक केलेला त्रिकोण, बाकीचे गोल. तेव्हापासून मी दिसायला त्रिकोण आहे. ठिपक्यांची जात मात्र सोडली नाही.

बैठकीत साहेबांनी मला पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हा एक काढा बुवा. याच्यापायी बाकीचे सगळे तळाला चिकटलेत. अक्ष वीसपर्यंतच ठेवा, बघा कसं सुटसुटीत दिसेल."

"अक्ष वीसवर आणला की याला काढावंही लागत नाही साहेब, तो आपोआप कागदाबाहेर जातो," ताई म्हणाल्या. "मग मावशी का पडल्या ते कुठे दाखवू?"

"मीटर बिघडलं होतं."

"मग सोमवारचा आठही त्याच मीटरचा. तोही काढते. सगळेच काढते आणि कोरा कागद देते. त्यावर तुम्ही सही कराल?"

मालकीणबाईंनी कागद आपल्याकडे ओढला, माझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बॉयलर आत्ताच्या आत्ता बंद करा. धुराडं उघडा." उघडलं तर काजळीने निम्म्याहून जास्त बुजलेलं. चौदाही जणींचं नशीब की खिडक्या रोज बंद नसायच्या. मावशींना बोलावणं गेलं. माफी कोणी मागितली नाही.

आलेख काढणाऱ्यांनो, ठिपका चुकू शकतो, मी नाही म्हणत नाही. काटा अडकतो, हात चुकतो. पण जो रांगेत बसत नाही तो खोटाच, हे तुम्हाला कोणी शिकवलं? गाळायचं तर गाळा, पण त्याआधी वही उघडा आणि ती लिहिणाऱ्याला विचारा. रेष सुंदर दिसावी म्हणून आम्ही जन्माला आलेलो नाही.

मावशींनी तो कागद मागून घेतला आणि आपल्या टेबलासमोर भिंतीला चिकटवला. वाफेने त्याच्या कडा वळल्यात, शाई फिकट झालीय. परवा साहेब आले आणि म्हणाले, "धुराडं साफ झालं, आता कशाला हा कागद?" आणि त्यांनी हात पुढे केला.

मावशींनी चादरीवरची नजरसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "राहू द्या साहेब. तुम्ही मला नाटकी म्हणाला होता, तो दिवस आहे त्यात."

साहेब आल्या पावली परत गेले.