माझी शनिवारची सुट्टी

मी जोह्याच्या एका गणपती कारखान्यातल्या खुंटीवरून बोलतोय. अंगावर प्लास्टरची पांढरी धूळ आहे, म्हणून मला मूर्तीचा साचा समजू नका. मी कॅमेरा आहे, तोही जपानचा, अस्सल धातूचा, वजनाला भरभक्कम. आणि आठवड्यातून एक दिवस पक्की सुट्टी असलेला माझ्यासारखा दुसरा कॅमेरा तुम्हाला पेण तालुक्यात तरी सापडायचा नाही.

ही सुट्टी मला नथानियलकाकांनी दिली. ते रोह्याचे. एका कंपनीत शिफ्टवर होते. त्यांच्या बोटीवरच्या मेहुण्याने एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली मला आणलं, तेव्हा मी एवढा भारी माल होतो की आळीतले लोक मला फक्त बघायला यायचे. काकांनी वीस वर्षं माझ्याकडून काम करून घेतलं. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, एकदा तर खांब गावच्या एका शेतकऱ्याच्या बैलजोडीचासुद्धा फोटो काढला. पण शुक्रवारी दिवेलागणीला मला कपाटात ठेवलं की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत हात लावायचा नाही. ते बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. शनिवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी काम नाही. शनिवारच्या मुहूर्तावर लग्न धरणाऱ्यांनी त्यांच्याकडे येऊच नये, हे साऱ्या रोह्याला ठाऊक होतं.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात काका आणि एस्थरकाकू मुलाकडे इस्रायलला कायमचे निघाले. घरातलं एकेक सामान जाऊ लागलं. मी कपाटात बसून विचार करत होतो, की आता या म्हाताऱ्या गड्याला घेतंय कोण.

आणि नेमक्या शनिवारी गिऱ्हाईक आलं.

जोह्याचा हिरामण मूर्तिकार आणि त्याची बायको सगुणा. सगुणाचं माहेर रोह्याजवळच्या निडीचं. तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, त्यामुळे मुंडावळ्यांमागचा तिचा घाबरलेला चेहरा मला अजून आठवत होता. आता मात्र ती पदर खोचून सरळ मुद्द्याला आली.

"काका, कॅमेरा बघायला आलोय."

"सगुणे, आज शनिवार. आज मी विकत नाय," काका म्हणाले.

हिरामणने कपाळावर हात मारला. प्लास्टरची गाडी येणार नाही म्हणून त्याने मोकळा दिवस शोधला होता, तो नेमका हा निघाला.

"बघायला बंदी नाय," काका हसून म्हणाले. "कपाटातून तूच काढ. बटण तेवढं दाबू नको. आणि आता आलाच आहात तर चांदण्या दिसेपर्यंत थांबा."

थांबले बिचारे. एस्थरकाकूंनी शुक्रवारीच करून ठेवलेली वालाची उसळ आणि गार भाकरी वाढली. जेवून हिरामण ओटीवर आडवा झाला. सगुणा मला घेऊन खिडकीशी बसली आणि तिने मला डोळा लावला.

माझ्या आत बघायच्या खिडकीत मधोमध एक गोल आहे. समोरची वस्तू धूसर असली की त्या गोलात ती मधोमध तुटलेली दिसते. भिंगाचं कडं फिरवत फिरवत तुटलेल्या रेघा जुळवायच्या. त्या दिवशी बटण दाबायची परवानगी नव्हती, म्हणून सगुणा नुसतीच जुळवत बसली. जास्वंदीचा तुरा, काकूंच्या कानातली कुडी, झोपलेल्या नवऱ्याच्या मिशीचं टोक. एरवी लोक मला हातात घेतात ते थेट खटका दाबायलाच. इतका वेळ नुसतं बघणारं माणूस मला वीस वर्षांत पहिल्यांदा भेटलं आणि खरं सांगतो, मी तिथेच तिच्यावर खूश झालो.

बघता बघता तिने काकांना सगळं सांगितलं. कारखान्याचं नाव होतं ते तिच्या सासूमुळे, बायजाबाईंमुळे. गणपतीचे डोळे काढायचे म्हणजे आखणी करायची, ती बायजाबाईंनीच. मूर्तीचं बाकी सगळं रंगवून झालं की शेवटी त्या बसायच्या, आणि त्यांनी रेघ ओढली की मूर्ती बघायला लागायची. पण आता त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हातही थरथरू लागला होता. हा मोसम शेवटचा, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"मी शिकतेय, पण त्यांचा हात कसा फिरतो ते ध्यानातच राहत नाय," सगुणा म्हणाली. "एकेका रेघेचा फोटो मिळाला तर बघून बघून गिरवीन. नायतर हा हात त्यांच्याबरोबर गेला, काका."

हिरामणला कॅमेरा वेगळ्याच कामाला हवा होता. त्याला मूर्तींचा आल्बम करून पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांना दाखवायचा होता. त्यासाठी पेणच्या एका स्टुडिओवाल्याकडे त्याने नवा कॅमेरा हेरून ठेवला होता. मधल्या किमतीचा, पण कोरा करकरीत. रीळ आपोआप पुढे जाणार, फोकस आपोआप होणार, फ्लॅश डोक्यातच बसवलेला. आणि गंमत म्हणजे जेवढ्याला तो नवा, तेवढ्यालाच मी जुना. घेता येणार होता एकच.

चांदण्या दिसल्या. काकांनी अंगणात जाऊन तीन मोजल्या, म्हणजे शब्बाथ संपला, मग आत आले आणि मला सगुणाच्या पिशवीत ठेवलं. "आठ दिवस वापरून बघ. नाय जमलं तर परत आण. माझा लाइट मोजायचा काटा बंद पडलाय, उजेडाचा अंदाज मी तुला कागदावर लिहून देतो." 'माझा काटा' म्हणाले ते. काटा माझा बंद पडला होता.

सोमवारी सकाळी जोह्याच्या शेडमध्ये आम्ही दोघे एकाच फळीवर बसलो. स्टुडिओवाल्यानेही आपला नवा दोन दिवसांसाठी दिला होता. दिसायला रुबाबदार होता, नाही म्हणणार नाही. हलकाही होता. हिरामणने त्याला अंगणात नेलं आणि उन्हात ठेवलेल्या तयार मूर्तीचे पाच फोटो पाच सेकंदांत काढले. मी तेवढ्या वेळात एक जेमतेम काढला असता.

"बघितलंस?" हिरामण बायकोला म्हणाला. मीही बघितलं.

मग शेडमध्ये बायजाबाई आखणीला बसल्या. आंघोळ करून, लुगडं बदलून. रेघ ओढताना त्या बोलत नाहीत आणि दुसऱ्याने बोललेलंही त्यांना खपत नाही. समोर डोळे न रंगवलेला, गुळगुळीत चेहऱ्याचा गणपती. हिरामणने नवा रोखला. पण त्या कोऱ्या चेहऱ्यावर त्याला धरायला काही सापडेचना. त्याचं भिंग आत जायचं, बाहेर यायचं, घुर्र घुर्र. डोळे असते तर त्याने पटकन धरले असते. पण इथे डोळे येण्याआधीचाच फोटो हवा होता.

बायजाबाईंनी कुंचला खाली ठेवला. "घोरतंय कोण?"

"कॅमेरा हाय, आय."

त्यांनी पुन्हा कुंचला उचलला. वरच्या पापणीची रेघ अर्ध्यावर आली आणि नव्याला एकदाचं काहीतरी सापडलं. लख्खकन फ्लॅश पडला. बायजाबाईंचा हात उडाला आणि काळी रेघ थेट गणपतीच्या गालावर गेली.

चाळीस वर्षांत त्यांची रेघ चुकली नव्हती. त्यांनी ओला बोळा घेतला, गाल पुसला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. त्यांच्या दुखऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हिरामणचं तोंड एवढंसं झालं.

तसं त्या नव्यालाही हाताने फोकस करायची सोय होती. पण त्याचं कडं बांगडीएवढं बारीक, आणि ते फिरवायची सवय कुणाला होती? सगुणाने त्याला फळीवर ठेवलं आणि मला उचललं. मला प्लास्टरच्या पोत्यावर टेकवलं, म्हणजे हलायला नको. दारातून येणारं ऊन बघितलं, काकांचा कागद बघितला, आणि खिडकीत डोळा लावून साच्यातच उमटलेली पापणीची पुसट कड जुळवली. मग श्वास रोखला. समोर बायजाबाईंनीही रोखला होता. मी एकदाच, हळू, खट् म्हणालो.

अख्खं रीळ असंच संपलं; त्यातल्या छत्तीस फोटोंपैकी चौदा वाया गेले, त्यातले चार तर पार काळेकुट्ट. राहिलेल्या बाविसात मात्र अख्खी आखणी उतरली होती. भुवई, वरची पापणी, खालची पापणी, आणि सर्वांत शेवटी बुबुळ.

तरी हिरामणचं मन हलेना. "आय, आल्बम मात्र त्या नव्यावरच चांगला होईल."

"व्हय, होईल," बायजाबाई म्हणाल्या. "आल्बम बघून लोकं येतील. पण येऊन बघतील काय रे? डोळेच ना?"

हिरामण पुढच्याच एसटीने पेणला गेला आणि नवा परत करून आला. त्या बिचाऱ्यावर माझा राग नाही. पेणच्या लग्नांमधून त्याने पुढे चांगलं नाव काढलं, असं ऐकतो.

सगुणा मला घेऊन काकांना पैसे द्यायला रोह्याला गेली ती वार बघून, बुधवारी. काकांनी मला शेवटचं हातात घेतलं, मऊ फडक्याने भिंग पुसलं. म्हणाले, "एकच अट. शनिवारी याला हात लावायचा नाय. सवय आहे त्याला." एस्थरकाकू हसल्या, पण काकांचा आवाज ओला झाला होता. मलाही फार वाईट वाटलं. पण मी कॅमेरा, मला काय, डोळा एकच आणि तोही कोरडा.

मग सुरू झाली सगुणाची शाळा. बावीस फोटो तिने दोरीला ओळीने अडकवले आणि फुटक्या मूर्तींवर गिरवू लागली. पहिला गणपती शेजाऱ्याच्या ताटाकडे बघत होता. दुसरा नुकताच झोपेतून उठला होता. तिसऱ्याला बघून हिरामण हसला आणि त्या दिवशी त्याला जेवायला उशिरा मिळालं. ती मात्र गिरवत राहिली. मोसम संपला, बायजाबाईंचं अलिबागला ऑपरेशन झालं, वर्ष फिरलं.

पुढच्या वर्षी आषाढातली गोष्ट. जाड भिंगाचा चष्मा लावून बायजाबाई मूर्तींच्या रांगेतून चालत होत्या. एका मूर्तीपाशी थांबल्या. वाकून बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"गो सगुणा, हा माझा मागच्या सालचा राहिला काय?"

"नाय आय. काल संध्याकाळी मी केला."

कनवटीला खोचलेला आपला कुंचला बायजाबाईंनी काढला, सगुणाच्या हातात दिला आणि त्या गणपतीसमोर खाली बसल्या. तो त्यांच्याकडे बघत होता, आणि त्या त्याच्याकडे.

सगुणा धावत माझ्याकडे आली. तिचा हात माझ्या पट्ट्यापर्यंत पोचला. एवढ्यात तिचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं.

शनिवार होता.

काका समुद्रापार. त्यांना कोण सांगणार होतं? मीही सांगितलं नसतं. पण सगुणाने हात मागे घेतला, पट्ट्यावरची धूळ तेवढी पदराने पुसली, आणि जाऊन सासूशेजारी बसली.

तर मंडळी, कधी जोह्याला आलात आणि शेडमध्ये दोरीला लटकलेले ते बावीस फोटो बघितलेत, तर जरूर कौतुक करा, मला ते आवडतं. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो त्यात शोधू नका. तो मी काढलेलाच नाही. त्या दिवशी मला सुट्टी होती.