टाकीतली सोंड

देवव्रतने माशांच्या टाकीसाठी दादाची आरामखुर्ची माळ्यावर चढवली, त्या दिवसापासून कुंदावहिनींनी त्याच्याशी उभा दावा मांडला. श्यामकांतदादा जाऊन वर्षही सरलं नव्हतं. बोरिवलीचा फ्लॅट दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे कोणी कोणाला बाहेर काढू शकत नव्हतं. मग राहता राहिले टोमणे. पूजा आटोपली की वहिनी रोज म्हणायच्या, "हॉलमध्ये मासळीबाजार मांडलाय भाऊजींनी." बिनलग्नाच्या देवव्रतला जीव लावायला दुसरं काही नव्हतं. ती खाऱ्या पाण्याची टाकी गेली असती तर उरली असती बँकेची नोकरी आणि वहिनींचं तोंड.

टाकीत मधोमध एक लेदर कोरल होतं, म्हणजे जिवंत प्रवाळ, अळंबीसारखं, मऊ चामड्याच्या अंगाचं. पंपाचा झोत एकाच बाजूने बसायचा, म्हणून त्याच्या कडा दोन्हीकडे कानांसारख्या दुमडल्या होत्या आणि मधला लोंबता भाग वाढता वाढता डावीकडे वळला होता. पंप जरा फिरवला असता तर नवी वाढ पुन्हा सरळ झाली असती. हे देवव्रतला पक्कं ठाऊक होतं. तरी एका संध्याकाळी टोमण्यांना वैतागून तो बोलून गेला, "वहिनी, नीट बघा तरी. सोंड आहे. डावी सोंड."

वहिनींनी चष्मा लावला, पाहिलं आणि उदबत्ती आणली.

टोमणे बंद झाले. देवव्रत मनात खूश, देवाच्या नावावर टाकी वाचली होती. सोसायटीतल्या रत्नप्रभाबाई आणि मंडळी संकष्टीला दर्शनाला येऊ लागल्या. त्याने पंपाला बोटही लावलं नाही. एकदा मात्र वहिनी अभिषेकासाठी तांब्या घेऊन टाकीपाशी गेल्या, तेव्हा त्याने सगळ्या बायकांदेखत त्यांचा हात धरून मागे ढकलला. "अक्कल गहाण ठेवलीत का? तांबं विष आहे याला. थोडं जरी पाण्यात उतरलं तरी सगळं मरेल." रत्नप्रभाबाई जमिनीकडे बघू लागल्या. वहिनी तांब्या घेऊन आत गेल्या.

पुढच्याच महिन्यात बँकेच्या कामाने तो नाशिकला गेला. आठवड्याने परतला तर टाकीला वास येत होता. गोगलगायी उलट्या पडलेल्या, कोळंबी मेलेली, मासे मात्र मजेत फिरत होते. कोरल आक्रसून काळं पडलं होतं, सोंड तेवढी अजून तजेलदार होती. थोडं तांबं माशांना सोसतं, कोरल-कोळंबीला नाही. मासे धड आणि बाकी सगळं मेलेलं, म्हणजे तांबंच. त्याने हात घालून दगडामागची वाळू उपसली. खालून देव्हाऱ्यातलं छोटं ताम्हन निघालं, हिरवं पडलेलं.

"हे इथे कसं आलं?"

"देव नुसत्या वाळूवर बसला होता," सोफ्यावर मटार सोलत वहिनी म्हणाल्या. "आसन दिलं."

"आसन पुरून देतात?"

वहिनींनी पुढची शेंग फोडली.

ते ताम्हन त्यांच्या अंगावर भिरकावावं असं देवव्रतला वाटलं. पण कुजका भाग वर चढत होता, आणि सोंड कापून चांगल्या पाण्यात नेली तरच जगणार होती. त्याने चारकोपच्या मिथुनला, त्याच्यासारख्याच टाकीच्या शौकिनाला, फोन करून त्याच्या टाकीत जागा मागितली, बादलीत खारं पाणी तयार केलं आणि कोरं ब्लेड काढलं. तेवढ्यात बेल वाजली. संकष्टी होती. दूर्वांची जुडी घेऊन रत्नप्रभाबाई आत आल्या, मागे आणखी दोघी.

"देवावर ब्लेड चालवताय, भाऊजी?" वहिनींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"देवबिव काही नाही. झोतामुळे वाकडं वाढलंय. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग सोंड आहे म्हणून मला कोणी सांगितलं?"

देवव्रत टाकीकडे वळला. त्याने सोंड कापली आणि बादलीत सोडली. त्याला रडू येत होतं, आणि या बायकांसमोर रडण्याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

वहिनी उठल्या. "मूर्ती भंगली, पाहिलंत ना? भंगलेली घरात ठेवत नाहीत. टाकीसकट जायला हवी." बायकांनी माना डोलावल्या.

तो बादली घेऊन दाराशी पोचला, तशा वहिनी मागोमाग आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तांबं विष असतं, हे तुम्हीच शिकवलंत. चारचौघींत."

मग आत वळता वळता म्हणाल्या, "येताना हमाल घेऊन या. टाकी गेली की माळ्यावरून ह्यांची खुर्ची काढायचीय."