मोहोराच्या औषधाचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. अंगाला पोचे, तळाला चार भोकं. हसू नका! या भोकांचा मला भारी अभिमान आहे.

१९८४ साली मी रत्नागिरीच्या बाजारातून पूर्णगडाकडच्या एका गावात आलो. माझ्या पोटात आंब्याच्या मोहोरावर फवारायचं विषारी औषध होतं आणि पोटावर कवटीचं चित्र. बागेचा मालक काशीराम मला दोन्ही हातांनी जपून धरायचा. तुडतुडे मेले, मोहोर टिकला, तेव्हा त्यानं माझ्यावर कौतुकानं थाप मारली. मी कसला फुशारलो होतो म्हणून सांगू!

फाल्गुनात मी रिकामा झालो. शिमग्याची पालखी घरी यायची म्हणून काशीरामची बायको सावित्री पडवीतली अडगळ काढायला बसली. फुटक्या कुंड्या, गंजका कंदील आणि मी. तेवढ्यात शेजारची जनी आली.

"वैनी, हा डबा टाकणार काय? मला द्या. शेतावर पेज न्यायला बरा."

"ने गो. राखेनं घास म्हणजे झालं."

औषध संपलं म्हणजे विषही संपलं, असंच बिचाऱ्या सावित्रीला वाटलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण पत्र्याला कुठली वाचा?

जनीनं मला वहाळावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर नेलं आणि असं घासलं की कवटीचं चित्रही गेलं. धुवण तिनं तिथल्याच डोहात ओतलं. थोड्या वेळानं मासे उलटे होऊन वर येऊ लागले. आमच्याकडे उन्हाळ्यात झाडपाला ठेचून डोहात टाकतात आणि गुंगलेले मासे धरतात. जनीला वाटलं, वरच्या वाडीतल्यांनी तेच केलंय.

"देव पावला गो बाय!" ती आपल्याशीच म्हणाली. तिचा लेक बाबल्या वर्षानं मुंबईहून त्याच दिवशी येणार होता. त्याच्या कालवणासाठी तिनं ते मासे माझ्यातच भरले. माझा जीव नुसता कासावीस झाला. वर्षभर वाट पाहिलेली आई लेकाच्या ताटात माझं विष वाढणार होती.

वाटेत काशीराम भेटला. "जनी, मासे कुठले गो?"

"डोहात आपसूक वर आले, दादा."

कवटी गेली होती, तरी पोच्यांवरून त्यानं मला ओळखलं आणि त्याचा चेहराच उतरला. "हा डबा तिथं धुतलास? अगो, टाक ते मासे! आधी टाक!"

जनीनं मासे तिथंच वाटेवर ओतले. "माझ्या हातानं वाढलं असतं रे दादा," म्हणून रडू लागली.

"चूक माझी. मी घरात कुणाला सांगितलंच नाही," काशीराम म्हणाला. त्यानं ते मासे खोल पुरले. मग वाडीभर फिरून, डोहाचं पाणी घेऊ नका, गुरं तिकडे सोडू नका, असं बजावून आला. बाबल्या त्या रात्री कुळथाची पिठी आणि भात जेवला.

मित्रांनो, अडगळ काढताना माझ्यासारखा डबा दिसला, तर चांगुलपणानं कुणाला देऊन टाकू नका आणि वाहत्या पाण्यात तर मुळीच धुऊ नका. त्याला असा निकामी करा की पुन्हा कुणी त्यात घोटभर पाणीसुद्धा भरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीरामनं पहारीनं माझ्या तळाला भोकं पाडली. वहाळापासून, विहिरीपासून लांब, बागेच्या वरच्या कोपऱ्यात त्यानं खड्डा खणला होता. पहार लागली तेव्हा दुखलं, खोटं कशाला बोलू? पण तेवढ्यात कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला, "आये, पेज वाढ गो अजून." तो बाबल्या होता. तेवढं ऐकलं आणि मी निवांतपणे मातीत गेलो.