सासूबाईंचा अंगठा

सासूबाईंच्या उजव्या अंगठ्यावर एक आडवी चीर होती. तरुणपणी पत्र्याने कापलेलं, ते नीट जुळलंच नाही. आपल्या गॅरेजात आलेल्या गाडीचा सायलेन्सर त्या याच अंगठ्याने चाचपत आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत सांगत, "आतून गेलाय. नवा लागेल." सुनेला या बाईचं भारी अप्रूप. बाकीच्या सुना माहेरी जाऊन सासूची गाऱ्हाणी सांगतात. ही कौतुक सांगून माहेरच्यांना वैताग आणायची.

पण गॅरेजमध्ये पान्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. शिकवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बघू." शेवटी तिच्याच मोटरसायकलच्या दोन्ही सायलेन्सरची गंजून चाळण झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझी गाडी, तूच बसव. मी नुसती बघेन. जमलं तर उद्यापासून कामाला ये. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

सुनेचा जीव टांगणीला लागला.

फळीवर नव्या जोड्या मांडल्या होत्या. तिचा हात आधी गेला तो आखूड, निमुळत्या, आरशासारख्या जोडीकडे. सुनेने त्यांच्यासारखीच पत्र्यावर टिचकी मारली, तर तो रिकाम्या डब्यासारखा खणखणला. शेजारची लांब, साध्या घाटाची जोडी मात्र 'ठप' एवढंच बोलली. आवाज दाबायला आत काचेची लोकर ठासून भरलेली होती.

"पहिला दिसायला झकास आहे, आई."

"मग घे की."

"नको. गल्लीतली तान्ही पोरं मला शिव्या देत मोठी होतील. हा दुसराच घेते."

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. किंवा सुनेला तसं वाटलं.

जुने सायलेन्सर तेल पाजून पाजून निघाले. मग उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी तिची गत झाली. नवा सायलेन्सर लोंबकळू नये म्हणून तिने मागचा बोल्ट आधीच करकचून आवळला. पुढे इंजिनपाशी आली, तर नळीचं तोंड तिरपं. एका बाजूला नख जाईल एवढी फट. आणखी जोर लावला असता तर बसलंही असतं, निदान दिसायला तरी. सासूबाई रस्त्याकडे बघत होत्या.

सुनेने पाना खाली ठेवला.

"चुकलं, आई. मागून आवळत आले. सगळं सोडते."

तिने सगळं सोडलं. प्रत्येक नट आधी नुसत्या बोटांनी चढवला, नळीला तिच्या कलाने बसू दिलं, मग इंजिनाकडून मागे एकेक आवळत गेली. दुसरी बाजू तर हसत-हसत झाली.

आता राहिलं पुसणं. चकचकीत पत्र्यावर बोटाचं तेल राहिलं आणि पत्रा तापला, की ठसा तपकिरी होऊन जन्माचा चिकटतो. सासूबाईंच्या हातून गेलेल्या एकाही गाडीवर असा ठसा नव्हता. त्यांना याची मिजास होती, आणि ती त्यांना शोभतही होती. सुनेने दोन्ही सायलेन्सर दोनदा पुसले आणि ती हात धुवायला गेली.

परत येऊन तिने किक मारली. आवाज आला तो भरदार, तरीही घरंदाज. सासूबाईंनी सांध्यांजवळून तळवा फिरवला. कुठून धुराची फुंकरसुद्धा येत नव्हती. "एक चक्कर मारून ये," त्या म्हणाल्या. सुनेचा जीव भांड्यात पडला. ती लांबवर जाऊन आली, गाडी उभी केली आणि कौतुकाने वाकून बघितलं. उजव्या सायलेन्सरवर तपकिरी अंगठा उमटला होता.

"मी पुसलं होतं, आई. दोनदा पुसलं होतं."

"माहितीये."

सून आणखी खाली वाकली. ठशाच्या मधोमध एक आडवी रेघ होती.

"तुम्ही?"

"जोर लावून बसवणारे पुष्कळ आले माझ्याकडे. चुकलं म्हणून सोडणारं आज पहिल्यांदा कुणी दिसलं." सासूबाईंनी स्वतःचा पाना पुसून तिच्या हातात दिला. "गिऱ्हाइकाच्या गाडीवर ठसा राहता कामा नये, हे लक्षात ठेव. घरच्या गाडीवर चालतो."