बटाट्याच्या चकत्या

वेल्डिंगवाल्याच्या घरात बटाटा भाजीला कमी आणि डोळ्यांना जास्त लागतो. काच न धरता ठिणगीकडं पाहिलं की आर्क लागतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. मग बटाट्याच्या थंड चकत्या ठेवून पडून राहायचं. वरवंडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवताना वीस वर्षं मी हेच करत आलो. त्यामुळं सोमवारी उजव्या डोळ्याच्या कडेला विजा चमकायला लागल्या, तेव्हा मी दवाखाना विचारला नाही, बटाटा मागितला. तीन दिवस मागत राहिलो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला तोही कुणी दिला नाही.

बुधवारी दुपारी चकत्या ठेवून पडलो, तर मिटलेल्या डोळ्यातही विजा चालूच. सकाळपासून खालून काळपट पडदा वर चढत होता, तेही बायकोला सांगून टाकलं.

"दुखतंय का?" सवितानं विचारलं.

"न्हाई."

"पाणी येतंय?"

"न्हाई."

"मग आर्क कसला? आर्क लागल्यावर तुम्ही घर डोक्यावर घेता. उठा."

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बराच वेळ डोळा तपासला. दोन्ही डोळ्यांत नागमोडी रेघा दिसून अर्ध्या तासात गेल्या असत्या तर अर्धशिशी म्हटलं असतं, त्या म्हणाल्या. इथं एकाच डोळ्याचा आतला पडदा फाटून सुटत चाललाय. मधला भाग अजून चिकटून आहे, तोवरच नजर वाचेल. आजच पुण्याला जा.

"परवा ट्रॉली द्यायचीय," मी म्हणालो. "शनिवारी गेलो तर?"

बाई रागावल्या नाहीत. "डावा डोळा झाका आणि यांच्याकडं बघा. काय दिसत नाही?"

"हनुवटी. आन् ओठ."

"सकाळी?"

"सकाळी ओठ दिसत हुते."

सविता समोर बसून काहीतरी बोलत होती. आवाज नेहमीचाच, पण तो कुठून येतोय ते दिसत नव्हतं. मी भ्यालो. इतका, की झाकलेला डोळा उघडायचं सुचेना.

गाडीत बसल्या बसल्या ट्रॉलीच्या गिऱ्हाइकाला, निमोण्याच्या तात्याबांना फोन लावला. काम थांबलंय म्हटल्यावर ते म्हणाले, "निदान उद्या सकाळी तरी हात लाव की."

"बायकू दिसंना झालीया, तात्याबा," मी म्हणालो. "ट्रॉलीचं तुम्ही बघा."