पंचमाची जागा

"तार तुटली तरी हात थांबवायचा नाही. माझ्याकडं बघायचं नाही, लोकांकडं तर नाहीच नाही. कळलं का गं?"

गिरिजाक्कांनी मला हे सांगितलं तेव्हा त्या आरशासमोर उभं राहून केसांत अबोलीचा गजरा माळत होत्या आणि मी तेवीस वर्षांची होते. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. अक्का गेल्या, त्या दिवशी त्या गायल्या ते सभागृहही पाडलं, पण तानपुरा मांडीवर घेतला की तो आवाज अजून कानाशी येतो. थोडा बसका, कानडी वळणाचा.

यंदाच्या श्रावणातल्या एका सोमवारी मात्र तानपुरा घरीच होता, तरी तो आवाज आला. मी बाळीवेशीत सिद्धारामच्या दुकानात बसले होते. सिद्धाराम पेटी-तबल्याची दुरुस्ती करतो, स्वतः तबला वाजवतो. मी संध्याकाळसाठी तानपुऱ्याच्या जादा तारा घ्यायला गेले होते.

संध्याकाळी मठात श्रावणी सोमवारचं गाणं होतं. गुरुबसप्पांची नात सिद्धेश्वरी लोकांपुढं पहिल्यांदा गाणार होती. महिन्यापूर्वी याच दुकानात गुरुबसप्पा मला म्हणाले होते, "बाई, पोरीच्या पहिल्या गाण्याला मोबाईलातला तानपुरा नको. तुम्ही बसा मागं." मी म्हटलं होतं, "बसते." गुरुबसप्पा म्हणजे आमच्या सोलापुरातले जुने पेटीवादक. अक्कलकोटकडचे. आता शहात्तर वर्षांचे आहेत. गिरिजाक्कांच्या त्या कार्यक्रमात पेटीवर तेच होते आणि तानपुऱ्यावर मी.

पण त्या सकाळी मी बोलू शकत नव्हते. सोमवारी माझं मौन असतं. पहाटे इष्टलिंगाची पूजा झाली की संध्याकाळच्या पूजेपर्यंत शब्द नाही. एकोणीस वर्षं झाली. शाळेत शिकवत होते तेव्हा संगीताच्या बाई सोमवारी मुक्या, हा मुलींचा आवडता विनोद होता. पर्समध्ये छोटी पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवते. तेवढ्यावर काम भागतं.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती, कारण शिवानी आली होती. ही मुलगी एका कंपनीत नोकरी करते आणि सोमवारच्या सुट्टीत शहरातल्या जुन्या कलाकारांचे व्हिडिओ करते. या वेळचा तिचा विषय होता, मोठ्या कलावंतांबरोबर कुणाकुणाला वाजवायला मिळालं. तिनं मोबाईल तिकाटण्यावर लावला आणि म्हणाली, "काका, कॅमेऱ्याकडे बघू नका. नेहमीसारख्या गप्पा मारा."

"नेहमीसारख्या मारल्या तर तुला कापाव्या लागतील," सिद्धाराम म्हणाला.

सुरुवात त्यानंच केली. "मुंबईचा लई मोठा तबलजी आलता. हॉटेलातनं माणूस पाठवला, हातोडी विसरलीय म्हणून. मी माझी दिली. पितळी मुठीची, वडलांची. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, गाडी गेली. हातोडी बी गेली."

"मग परत नाही मागितली?"

"कशाला? वर्षभरानं टीव्हीवर लंडनचा कार्यक्रम दाखवला, तर त्याच्या गुडघ्याशेजारी माझी हातोडी! आमच्या घरातलं कुणी विमानात बसलं नाही. ती तेवढी बसली." त्यानं भिंतीकडं बोट केलं. तिथं एक रिकामा खिळा आहे. त्यावर तो कधी काही टांगत नाही. मी एकदा छत्री अडकवली होती, तर म्हणाला, बाई, ती जागा गुंतलीय.

मग मोडनिंबचे हिंदुराव सरसावले. ढोलकीवाले, तीस वर्षं फडात काढलेली. "माजी ढोलकी शिनिमात हाय. मुंबईला जाऊन वाजवून आलो. चाळीस सेकंद निस्ती ढोलकी, दुसरं काय बी न्हाय."

"चाळीस सेकंद म्हणजे किती रे हिंदुराव?" गुरुबसप्पांनी खडा टाकला.

"तुमाला पेटीतनं पैला सूर काडाय लागतुय तेवढा येळ." सगळे हसले. मीही हसले, आवाज न करता. "तर हितं थेटरात शिनिमा लागला. मी गावाकडनं अकरा माणसं आणली. मंडळीला, सोजरबाईला, नवं लुगडं. गाणं सुरू झालं, मी म्हणलं, आता ऐका बरं का. तेवढ्यात थेटरवाल्यानं गाणं तोडलं की! त्याला इंटरवलची घाई. सोजरबाई म्हणती, कुटं हाय तुमची ढोलकी? म्हणलं, आता च्या पिऊन येती."

शिवानी हसून हसून डोळे पुसायला रुमाल शोधू लागली. "मग नंतर कधी ऐकली त्यांनी?"

"न्हाय. तिला अजून वाटतंय मी मुंबईला फिरायला गेल्तो."

एवढं झाल्यावर गुरुबसप्पांची पाळी आली. ते टोपी सारखी करून बसले. गिरिजाक्कांच्या कार्यक्रमाची गोष्ट त्यांनी सांगायला घेतली. मी ती पंचवीस-तीस वेळा ऐकली असेल. अक्का धारवाडकडून आल्या होत्या, त्यांची शिष्या तापानं फणफणली होती, तिच्याऐवजी ऐनवेळी इथलीच एक मुलगी तानपुऱ्यावर बसली, यमन सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला तानपुऱ्याची पहिली तार तुटली. पंचमाची. इथपर्यंत सगळं खरं. पुढं ते नेहमी म्हणायचे, "मग आम्ही दोघांनी निभावून नेलं." त्या दिवशी त्या वाक्यावर येण्याआधीच शिवानीनं विचारलं, "बापरे! मग तुम्ही एकट्यानं कार्यक्रम वाचवला?"

गुरुबसप्पांनी पुन्हा टोपी सारखी केली. समोर मोबाईल, शेजारी लंडनला गेलेली हातोडी आणि सिनेमातली ढोलकी.

"हौदु, होय," ते म्हणाले. "एकट्यानंच म्हणायचं की."

"आणि तानपुऱ्यावर कोण होतं?"

"होती एक पोरगी." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "घाबरली बिचारी. तार तुटल्याबरोबर हातच थांबला तिचा. मग काय, तासभर पंचम मीच धरून ठेवला."

तेव्हा मला अक्कांचा आवाज आला. तार तुटली तरी हात थांबवायचा नाही.

सिद्धाराम खाली बघून तबल्याची वादी ओढू लागला. ती पोरगी कोण हे त्याला ठाऊक आहे. हिंदुरावांना नाही, आणि शिवानीला तर नाहीच. ती माझ्याकडं वळली. "बाई, तुमचं मौन आहे ना? पाटीवर लिहा की काहीतरी. मी वाचून दाखवते. तुम्ही कुणाला साथ केलीय?"

खोटं कशाला सांगू, राग आला होता. हातोडी नको होती मला, की सिनेमा. तानपुरेवालीचं नाव कधी पुकारत नाहीत, पत्रिकेत छापत नाहीत, त्याचंही कधी वाईट वाटलं नाही. पण तो हात थांबला नव्हता. आयुष्यात माझं म्हणून तेवढंच होतं, आणि ते आता मोबाईलात उलटं भरलं होतं. मी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं, 'हात'.

पुढचे दोन शब्द लिहायचे तेवढे राहिले होते. मी वर पाहिलं. गुरुबसप्पा पाटीकडं बघत होते. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता, आणि त्यांच्या उजव्या हाताची करंगळी गुडघ्यावर हळूहळू दाबली जात होती, उठत होती, दाबली जात होती.

मी पदरानं पाटी पुसली. लिहिलं, 'गिरिजाक्कांचं गाणं मी फार जवळून ऐकलं.'

"एवढंच?" शिवानी म्हणाली.

मी मान हलवली. गुरुबसप्पा चहा न घेता उठले. सिद्धारामनं तारांची पुडी माझ्या हातात दिली, पैसे घेईना, आणि पायरीपर्यंत सोडायला आला. "बाई," एवढंच म्हणाला. मग वळून आत गेला.

घरी येऊन मी तानपुरा जुळवायला घेतला. मौनाचं एक बरं असतं. पहिलं उत्तर पोटात राहतं आणि संध्याकाळपर्यंत त्याची धार जाते. त्या दिवशी मात्र दुपारचे तीन वाजले तरी ती गेली नव्हती. कान पिरगळावा तशी मी खुंटी पिरगळत होते. तार वैतागून वर जात होती, मी तिला खाली आणत होते.

शेवटी हात नुसता फिरू दिला. मधलं बोट पहिल्या तारेवर, मग तर्जनी एकामागून एक तीन तारांवर. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. फिरता फिरता ती संध्याकाळ आपोआप समोर आली.

टण्ण झालं आणि तार माझ्या मनगटावर येऊन वळली. मला अक्कांची पाठ दिसत होती, गजरा दिसत होता. मी हात थांबवला नाही. पण पहिली तार नव्हती, मग मधल्या बोटानं काय करायचं? वगळावं तर फेरी लंगडी झाली असती. म्हणून मी ते बोट, जिथं तार होती, त्या रिकाम्या जागेवर तसंच फिरवत राहिले. कशालाच न लागणारं बोट. मग तीन तारा. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा तीन तारा. दोन-तीन फेऱ्या गेल्या असतील, आणि एका फेरीला त्या रिकाम्या जागेत बरोबर पंचम आला. अगदी हळू, कुणाला कळू नये असा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. गुरुबसप्पांची चार बोटं अक्कांच्या मागं धावत होती आणि नजर माझ्या हातावर होती. माझं बोट फिरलं की त्यांची करंगळी पेटीच्या पंचमावर पडायची. तासभर तसं चाललं.

कार्यक्रम संपल्यावर लोकांचा अक्कांना गराडा पडला. हार, सह्या, महापौर. मी तानपुरा गवसणीत घालून कोपऱ्यात उभी होते. निघताना अक्का माझ्यापाशी क्षणभर थांबल्या. गाताना त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. माझं मनगट धरलं, तार लागून उठलेल्या लाल वळावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "कै निल्ललिल्ल." हात थांबला नाही. बस्स. गाडीत बसून निघून गेल्या.

माझी प्रसिद्धी तेवढी. दोन शब्दांची, तीही कानडीत.

आणि त्या दुपारी तानपुरा मांडीवर असताना मला पहिल्यांदाच वाटलं, की करंगळी पडली नसती तर? तर मी तासभर हवेत बोट हलवत बसलेली एक वेडी पोरगी ठरले असते. अक्कांनी माझं मनगट धरलं. गुरुबसप्पांची करंगळी कुणीच धरली नाही. गेली चाळीस वर्षं ते 'आम्ही दोघांनी' म्हणत आले होते, आणि मी कधी कुणाजवळ एवढंही म्हटलं नव्हतं. मला मोठेपणा नको असतो असं मी समजत होते. पण माझ्याजवळ अक्कांचा शब्द होता म्हणून मी गप्प राहू शकत होते. त्यांच्याजवळ काय होतं?

तार त्यानंतर एका पिळात जुळली.

दिवेलागणीला अंघोळ केली, भस्म लावलं, पूजेला बसले. दिवसभराच्या मौनानंतर पहिला शब्द देवाचा, तो उच्चारला. तळहातावरचं लिंग डोळ्यांना लावून पुन्हा गळ्यात घातलं. उठते तोच फोन वाजला. सिद्धेश्वरी होती.

"आजी, पूजा झाली का? आता बोलताय ना?"

"झाली. बोल."

"आजोबा विचारतायत... म्हणजे ते विचारत नाहीयेत. दुपारपासून जेवले पण नाहीत. इथं मठात येऊन नुसते दाराकडं बघत बसलेत. मला म्हणाले, मोबाईल चार्ज करून ठेव, तानपुरा लागेल. तुम्ही येणार नाही का?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. थांबा हं." पलीकडं काहीतरी कुजबूज झाली. "आजी, ते म्हणतायत, आल्या तर सतरंजी कुठं टाकायची विचार. माझ्या शेजारी, पुढं टाकू म्हणतात. लोकांना तुम्ही दिसाल अशी. आणि तुमचं नाव माईकवरून ते स्वतः सांगणार आहेत."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या घरात कुणीतरी भाकरी थापत होतं.

"सतरंजी मागंच टाक," मी म्हटलं. "पण पेटीच्या बाजूला. आजोबांना माझा हात दिसेल अशी."

"आणि नाव?"

"नाव तुझं सांगू देत. गाणं तुझं आहे. आणि त्यांना म्हणावं, आधी दोन घास खाऊन घ्या. रिकाम्या पोटी पेटी वाजवू नका."

ती हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "आजी, मला भीती वाटतीय. मधेच काही झालं तर?"

"झालं तर होऊ दे. आम्ही दोघं आहोत," मी म्हटलं.

फोन ठेवला. तारांची पुडी पर्समध्ये टाकली. पाटी बाहेर काढून देवळीत ठेवली, ती आता पुढच्या सोमवारी लागेल. तानपुरा गवसणीत घातला, नाडी आवळली. तो माझ्यापेक्षा जड आहे असं शेजारची सावित्रम्मा म्हणते, पण कडेवरच्या मुलासारखा धरला की जड लागत नाही. दार ओढून घेतलं आणि एकेक पायरी बघत जिना उतरू लागले.